दातांना तारा बसवण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे?

पोराचे दात वेडेवाकडे आले की शाळेत त्याला ‘फावड्या’, ‘दातऱ्या’ अशी नावे पडतात. पोर हसताना तोंडावर हात धरू लागते. आईबाप म्हणतात, ‘मोठा झाला की होतील सरळ.’ मुलगी असेल तर लग्नाचे पाहायला लागल्यावर धावपळ सुरू होते. आमच्या मते दोन्ही बरोबर नाही. दात हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. दातावर दात चढला की फटीतली घाण ब्रशने निघत नाही, कीड लागते, हिरड्या सुजतात. फार पुढे आलेला दात पोर पडले की आधी तुटतो. मुलगा असो वा मुलगी, हा आरोग्याचा प्रश्न आहे.

दुधाचे दात २०. ते साधारण सहाव्या वर्षापासून पडू लागतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत त्यांच्या जागी कायमचे दात येतात. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तज्ज्ञाला दाखवावे. त्या वयात बहुतेक मुलांना तारा लागत नाहीत, नुसते लक्ष ठेवायला सांगतात. पण अंगठा चोखण्याचा परिणाम, जबड्याच्या वाढीतला दोष या गोष्टी तेव्हाच ध्यानात येतात. ‘दुधाचाच दात आहे, किडला तर किडू दे’ असेही म्हणू नये. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचा दात त्या जागेत सरकतो आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही.

आता डॉक्टर कोणता निवडावा? बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. वाकडे दात आणि जबडे सुधारण्याचे खास शिक्षण घेणारे डॉक्टर पुढे तीन वर्षे शिकून एम.डी.एस. होतात. त्यांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. पण एम.डी.एस.च्याही अनेक शाखा आहेत. म्हणून पाटीवर एम.डी.एस. एवढेच न वाचता पुढे ‘ऑर्थोडॉन्टिक्स’ आहे का ते पाहावे. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारायला लाजू नये. पैसे आपल्या घामाचे आणि दात आपल्या लेकराचे आहेत. पुष्कळ दवाखान्यांत हे तज्ज्ञ ठरावीक वारीच येतात. त्यालाही हरकत नाही. मात्र मधल्या दिवसांत तार तुटली किंवा गालात टोचली तर कोण पाहणार, हे आधी विचारून घ्यावे.

चांगला डॉक्टर नुसते तोंड पाहून तारा बसवत नाही. तो एक्स-रे काढतो, दातांचा साचा घेतो, आधी किडलेले दात भरून घेतो. जागा करण्यासाठी चांगले दात काढावे लागतील असे म्हणाला तर कारण विचारावे. शंका वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. तारेच्या हलक्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते. दात असा हळूहळू सरकतो. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षे लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. न तपासताच ‘सहा महिन्यांत सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

खर्च एकूण किती, ते कागदावर लिहून घ्यावे. एक्स-रे, प्रत्येक खेप, निघालेली पट्टी पुन्हा चिकटवणे आणि शेवटचे रिटेनर त्यात धरले आहे का? हप्ते चालतील का? पांढऱ्या पट्ट्या आणि पारदर्शक साचे महाग असतात. साध्या धातूच्या तारांनीही काम उत्तम होते. प्रत्येक खेपेला कामावर खाडा पडतो, म्हणून येण्या-जाण्याचाही हिशेब करावा.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जावे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय महाविद्यालये आहेत. तिथे एम.डी.एस.चे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. नंबर लागायला वेळ लागतो, पण खर्च खूप कमी येतो. आपला विद्यार्थी डॉक्टर शिकून बाहेर पडला तर पुढे कोण पाहणार, एवढे विचारून ठेवावे.

एक धोक्याची सूचना. दातांमधली फट बुजवायला काही मुले घरीच रबर लावतात. ते रबर हिरडीत शिरून मुळापर्यंत सरकते आणि चांगला दात ढिला होऊन गमवावा लागतो. असे कधीही करू देऊ नये.

तारा असेपर्यंत चणे, चिक्की, उसाचे कांडे, मटणाचे हाड टाळावे आणि रोज दोन वेळा नीट ब्रश करावा. तारा निघाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस रिटेनर लावावे, नाहीतर दात परत फिरतात आणि सगळा पैसा वाया जातो. पैशाअभावी उपचार मध्येच सोडणे तर सर्वांत वाईट. म्हणून दोन वर्षांचा हिशेब आधी घरात बसून करावा, सगळे प्रश्न विचारावेत आणि मगच लेकराला खुर्चीवर बसवावे.