सॅक्सोफोनवादकानें स्वतःस ऐकावें कसें?

ध्वनिमुद्रित केलेला आपला स्वतःचा आवाज प्रथमच कानीं पडला म्हणजे बहुतेक माणसें दचकतात. ‘हा आवाज माझा नव्हेच,’ असें त्यांस वाटतें. याचें कारण असें कीं, इतरांस आपला आवाज केवळ हवेंतून पोंचतो. आपणांस मात्र तो हवेप्रमाणेंच कवटीच्या हाडांतूनही पोंचत असतो. पुढें नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले गेऑर्ग फॉन बेकेशी यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत या दोन्ही वाटांनीं येणाऱ्या आवाजाचें प्रमाण जवळजवळ सारखेंच असल्याचें दाखविलें आहे.

गळ्याची ही जी कथा, तीच सॅक्सोफोनची. आदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें १८४६ सालीं पॅरिस येथें या वाद्याचें पेटंट घेतलें. वाद्याचें अंग पितळेचें; परंतु त्याची गणना होते ती बांसरी-क्लॅरिनेटच्या पंक्तींत, कारण त्यांतील स्वर एका पातळ पत्तीच्या कंपनानें उत्पन्न होतो. ही पत्ती ज्या माउथपीसवर बसविलेली असते त्याच्या वरच्या पाठीवर वादकाचे वरचे दांत टेंकलेले असतात. पत्ती थरथरली कीं माउथपीस थरथरतो, त्यामागोमाग दांत, आणि दांतांवाटे तें कंपन थेट अंतःकर्णापर्यंत जातें. समोरच्या श्रोत्यास या खळबळीचा गंधही नसतो. वादकाच्या डोक्यांत मात्र ती सारखी गुणगुणत असते, आणि हाच आपला स्वर अशी त्याची समजूत होऊन बसते.

दुसरी अडचण वाद्याच्या घडणीची. सॅक्सोफोनचा नाद केवळ पुढच्या कर्ण्यांतूनच बाहेर पडतो, असा सामान्य समज आहे. वस्तुतः बहुतेक स्वरांचा भरदार, खालचा अंश नळीवरील उघड्या छिद्रांतून निघून चोहोंकडे पसरतो. स्वरास धार आणि तेज देणारे वरचे सूक्ष्म अंश तेवढे नळींतून शेवटपर्यंत जाऊन कर्ण्यावाटे पुढें फेंकले जातात. वादकाचा कान असतो मागें. म्हणजे आपल्या स्वरांतील जें तेज श्रोत्यांस सर्वांत अगोदर जाणवतें, तेंच वादकास सर्वांत कमी ऐकूं येतें!

एकट्यानें वाजवितांना हें फारसें बाधत नाहीं. ताफ्यांत बसलें म्हणजे मात्र कठीण प्रसंग येतो. मोठ्या जाझ ताफ्यांत पांच सॅक्सोफोनवाले पुढच्या रांगेंत, आणि त्यांच्या पाठीशीं ट्राँबोन व ट्रंपेट यांचा मारा. गोंगाटांत मनुष्य नकळत आवाज चढवितो, हें एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालींच दाखवून दिलें होतें. वादकाचेंही तेंच होतें. ऐकूं येत नाहीं म्हणून तो जोरानें फुंकतो, ओठ आवळतो; मग स्वर ढळतो, ओठ थकतात, आणि शेजारीही चढाओढीस लागतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय भिंतीचा. उघड्या, गुळगुळीत भिंतीकडे तोंड करून दोन-तीन हातांवर उभें राहावें. पुढें गेलेला तेजस्वी अंश तेथून परतून कानावर येतो. पडदे आणि गाद्या यांनीं भरलेली खोली यास निरुपयोगी. सनी रोलिन्स हा अमेरिकन वादक १९५९ ते १९६१ या काळांत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करीत असे. तेथें भिंत कोठून असणार? पण तो तेथें गेला होता शेजाऱ्यांस त्रास नको म्हणून, आणि आपल्याकडील चाळींतून राहणाऱ्यांस ती अडचण समजावून सांगावयास नको. रंगमंचावर भिंत नेतां येत नाहीं. यास्तव कांहीं वादक कर्ण्यापुढें पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची लहानशी तबकडी बसवितात. ती नादाचा थोडा भाग वादकाकडे वळविते.

दांतांच्या वाटेवर तोडगा आहे तो रबराच्या पातळ चकतीचा. माउथपीसवर दांत टेंकतात तेथें ती चिकटवितात. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी, पण कवटींतील गुणगुण बरीच मंदावते आणि हवेंतून येणारा खरा स्वर पुढें येतो. नवशिक्यानें हा उपाय प्रथम करून पाहावा, असें मला वाटतें.

याउलट गोंगाटांत एका कानांत बोट वा बोळा घालण्याची युक्ति मला अर्धीच पटते. कान बंद केला कीं हाडांतून येणारा नाद वाढतो; त्यामुळें स्वराची उंची कळते खरी, परंतु स्वराचा रंग पार हरपतो. सुरेलपणासाठीं यापेक्षां तंबोऱ्याची संगत चांगली. कद्री गोपालनाथ यांनीं हें परदेशी वाद्य कर्नाटक संगीतांत रुजविलें, तें श्रुतीच्या अखंड आधारावरच. आधारस्वराच्या जवळ, पण त्यास न मिळणारा स्वर लागला कीं दोहोंमध्यें लाटांसारखी थरथर उठते. एकाचीं सेकंदास ४४० आणि दुसऱ्याचीं ४४२ कंपनें असल्यास ती सेकंदास दोन वेळां ऐकूं येते. स्वर जुळतांच नाहींशी होते. गोंगाट करणाऱ्या ताफ्यांत अर्थात् तंबोऱ्याचा निभाव लागणार नाहीं.

तेथें वादकाच्या पायाशीं ठेवलेला, त्याच्याकडेच रोखलेला ध्वनिवर्धक कामास येतो. ध्वनिग्राहकाची पाठ या ध्वनिवर्धकाकडे असावी, नाहींतर शिट्टी वाजूं लागते. मात्र ‘मला थोडा आणखी वाढवा’ असें प्रत्येकजण म्हणूं लागला कीं रंगमंच असह्य होतो, आणि येथें प्रश्न कलेचा न राहतां कानांचा होतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें ८५ डेसिबेलच्या आवाजास दिवसाचे आठ तास ही मर्यादा घातली आहे, आणि दर तीन डेसिबेलच्या वाढीस ती निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबेलला एकच तास. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. म्हणून स्वतःस वाढवून घेण्याअगोदर इतरांस कमी करावयास सांगावें. आणि तें न जमल्यास सर्व स्वरांस सारख्या प्रमाणांत मंद करणारे, खास वादकांकरितां बनविलेले कर्णरोधक वापरावेत. त्यांतही दांतांची गुणगुण थोडी वाढतेच, तेव्हां माउथपीसवरील ती रबरी चकती सोबत ठेवावी.