खांबांवर उभी चर्चेस : नॉर्वेचे लाकूडकाम

युरोपात दगडी कॅथेड्रल उभी राहत होती, त्याच 12व्या-13व्या शतकांत नॉर्वेच्या सुतारांनी पाइनच्या लाकडात चर्चेस बांधली. स्थानिक नाव 'स्टावकिर्के'. एके काळी ती शेकड्यांनी होती. नॉर्वेत आज उरली 28.

बांधणी : आधीच्या चर्चेसचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत, ओलीने ते बुडापासून कुजत. पुढे दगडी जोत्यावर आडव्या तुळयांची चौकट बसवून खांब तिच्यावर उभे केले गेले. ही चर्चेस आठ शतके टिकली, त्याचे मोठे श्रेय या साध्या बदलाला. भिंतीच्या फळ्या उभ्या, खाचेत अडकवलेल्या. छपरावर लाकडी कौले. बाहेरून पाइनच्या डांबराचा लेप. तो आजही वेळोवेळी द्यावा लागतो.

• ऊर्नेस : 12वे शतक. उत्तरेकडच्या दाराभोवती एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांचे अप्रतिम कोरीवकाम. ते याच जागेवरच्या 11व्या शतकातील चर्चमधून आणलेले. युनेस्कोच्या यादीत 1979पासून.

• बोर्गुंड : सुमारे 1180. एकावर एक चढत जाणारी छपरे. आढ्याच्या टोकांवर क्रूस आणि ड्रॅगनची मुंडकी, दोन्ही.

• वांग : 1840च्या दशकात प्रशियाच्या राजाने विकत घेतले. सुटे करून नेले, पुन्हा जोडले. आज पोलंडमध्ये.

ऱ्हास : 1349च्या प्लेगनंतर नवी बांधकामे जवळपास थांबली. 1851च्या कायद्याने चर्चमध्ये जास्त लोक मावणे सक्तीचे झाले आणि अनेक जुनी चर्चेस पाडली गेली. बेर्गेनजवळचे फान्तोफ्त 1992मध्ये जाळले गेले. तेथे आता प्रतिकृती आहे.