अपील खुशाल करा, पगार मात्र द्या

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये, चटई कारखान्यात किंवा धुळ्याजवळच्या अवधानमध्ये एखाद्या कामगाराला काढून टाकलं जातं. तो कामगार न्यायालयात जातो आणि 'बडतर्फी बेकायदा, परत कामावर घ्या' असा निवाडा मिळवतो. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण मालक छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातो. गावात त्याला अपील म्हणतात, प्रत्यक्षात ती संविधानाच्या कलम २२६ आणि २२७ खालची रिट याचिका असते. तिथे साक्षीपुरावा सहसा नव्याने तपासला जात नाही; खालच्या न्यायालयाने अधिकाराबाहेर किंवा पुराव्याला धरून नसलेला निर्णय दिला का, एवढंच मुख्यतः पाहिलं जातं. म्हणजे कामगाराचं गैरवर्तन सिद्ध करायची जागा कामगार न्यायालयच.

याचिका करण्याचा मालकाचा हक्क मला मान्य आहे. न्यायाधीशही चुकू शकतात. प्रश्न एवढाच, की ती चालेपर्यंतची वर्षं कोणी सोसायची? मालकाला स्थगिती मिळाली की निवाडा कागदावरच राहतो आणि कामगाराचं दुकानातलं उधारीचं खातं फुगत जातं. म्हणूनच औद्योगिक विवाद कायद्यात कलम १७-ब आलं आणि १९८४ पासून लागू झालं. पुनर्नियुक्तीच्या निवाड्याला मालकाने उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, तर प्रकरण चालू असेपर्यंत कामगाराला शेवटच्या पगाराइतकी पूर्ण रक्कम द्यावी लागते. अट एकच: या काळात आपण कुठल्याही आस्थापनेत नोकरीला नव्हतो, असं प्रतिज्ञापत्र कामगाराने द्यायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी ही तरतूद तिच्यातही आहे.

'काम न करता पगार कशाचा?' हा मालकांचा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण काम कोणी अडवलं आहे? कामगार तर हजर व्हायला तयार आहे. याचिकेचा निकाल लागेपर्यंत त्याला मशीनवर उभं करा, दिलेल्या पैशाचं काम मिळेल. 'आम्ही जिंकलो तर दिलेला पैसा बुडाला' ही तक्रार जास्त वजनाची आहे, कारण ही रक्कम निर्वाहासाठी असते आणि सहसा परत मिळत नाही. लहान कारखानदाराला ती जड जाते, हेही खरं. तरी थांबण्याची गरज ज्याला आहे, त्यानेच थांबण्याचा खर्च उचलावा, हे मला न्याय्य वाटतं. शिवाय कामगार दुसरीकडे नोकरी करून पुरेसा मोबदला घेत होता असं दाखवून दिलं, तर न्यायालय ही रक्कम नाकारू शकतं. केळीच्या बागेत चार दिवस मजुरी केली, एवढ्यावर मात्र हक्क बुडू नये.

खरी उणीव उलट बाजूला आहे. देना बँकेच्या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की शेवटचा पगार म्हणजे प्रत्यक्ष शेवटी हातात पडलेला पगार. मधल्या वाढी त्यात धरायच्या नाहीत. काढताना नऊ हजार मिळत असतील, तर दहा वर्षांनीही नऊ हजारच, आणि त्यात घर चालत नाही. उच्च न्यायालय आपल्या अधिकारात जास्त रक्कम देऊ शकतं, पण ती मागावी लागते. तेव्हा मालकाच्या याचिकेची नोटीस आली, की पहिल्या तारखेलाच वकिलाला सांगून शेवटच्या पगाराची पावती आणि बेकारीचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या.