लुनासिनचा माग

१९८७ साली ओदानी, कोइदे आणि ओनो या तीन जपानी संशोधकांचा एक निबंध 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त छापून आला. सोयाबीनच्या दाण्यातून त्यांनी ४३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी काढली होती आणि त्या आम्लांचा क्रम लावून दाखवला होता. साखळीच्या शेपटाकडे अ‍ॅस्पार्टिक आम्ल एकामागोमाग एक असं चक्क नऊ वेळा आलेलं. एवढा एकसुरी तुकडा प्रथिनांत सहसा दिसत नाही, म्हणून त्याची नोंद झाली. ही साखळी दाण्यात करते काय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढची बारा वर्षं तिला नावही नव्हतं.

मोंढ्यात सोयाबीनला काय भाव फुटला यावर घरातला दिवाळीचा खर्च ठरायचा, अशा गावात मी वाढलो. आमच्या लेखी सोयाबीन म्हणजे तेल आणि पेंड. त्यामुळे खाण्यातल्या प्रथिनांपासून निघणाऱ्या औषधी पेप्टाइडांविषयी, म्हणजे अमिनो आम्लांच्या अशाच छोट्या साखळ्यांविषयी, वाचायला लागलो, तेव्हा माझं लक्ष साहजिकच या एका साखळीवर खिळलं, ते आजतागायत.

खरं तर या क्षेत्रात गाजावाजा झाला तो दुसऱ्यांचा. जपानने १९९१ साली आरोग्यदायी अन्नपदार्थांना सरकारी मान्यता द्यायची पद्धत सुरू केली आणि आंबवलेलं दूध, सार्डिन मासा, वाकामे आणि नोरी ही समुद्री शेवाळं अशा नाना गोष्टींतले पेप्टाइड रक्तदाबासाठी दुकानात आले. यातले बरेचसे दोन-पाच अमिनो आम्लांचे तुकडे. रक्तदाब चढवणाऱ्या यंत्रणेत 'एसीई' नावाचं एक विकर आहे, त्याला ते अडवतात. कॅप्टोप्रिलसारख्या गोळ्याही हेच काम करतात, फक्त कितीतरी जोराने. आंबवलेल्या दुधातल्या पेप्टाइडांच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा आशियाई लोकांत वरचा रक्तदाब सरासरी सातेक अंकांनी उतरलेला दिसला, युरोपीय लोकांत जेमतेम एका अंकाने. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये या पेप्टाइडांनी रक्तदाब उतरतो हा दावा नामंजूर केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. रोज चार घोट दूध पिऊन रक्तदाबाची गोळी बंद करणारे लोक आपल्या आसपासही कमी नाहीत.

सोयाबीनच्या त्या निनावी साखळीला नाव मिळालं ते कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात. बेन डी ल्युमेन हे तिथले पोषणशास्त्राचे प्राध्यापक आणि आल्फ्रेडो गाल्वेझ हे त्यांच्या प्रयोगशाळेतले संशोधक. दोघेही मूळचे फिलिपिन्सचे. त्यांचा शोध वेगळाच चालला होता. कडधान्यांत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. आपण वरणाबरोबर भात खातो त्यात ही तूट आपोआप भरून निघते. सोयाबीनमध्येच मिथिओनिन वाढवता आलं तर गरिबाच्या ताटातलं प्रथिन सुधारेल, अशी त्यांची धडपड. त्यासाठी मिथिओनिनने समृद्ध असं सोयाबीनचं एक प्रथिन त्यांनी हेरलं आणि त्याचं जनुक मिळवलं. त्याच जनुकात, मिथिओनिनवाल्या भागाच्या शेजारी, ओदानींची ती ४३ अमिनो आम्लांची साखळी निघाली.

या छोट्या साखळीचा जनुकीय तुकडा त्यांनी ई. कोलाय जिवाणूत घातला आणि भलतंच घडलं. जिवाणू वाढले, पण दुभागेनात. एरवी ठरावीक लांबीला आला की जिवाणू मधोमध भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात. इथे भिंतच पडेना, नुसते दोऱ्यासारखे लांब होत गेले. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून बशी टाकून दिली असती. गाल्वेझ यांनी तोच तुकडा सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातला. तिथेही विभाजन मध्येच अडलं आणि पेशी मेल्या. हे काम १९९९ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झालं. साखळीचं नाव पडलं लुनासिन. तागालोग भाषेत 'लुनास' म्हणजे उपाय, इलाज.

नऊ अ‍ॅस्पार्टिक आम्लांच्या शेपटाचा अर्थही आता लागू लागला. अ‍ॅस्पार्टिक आम्लावर ऋण भार असतो. पेशीच्या केंद्रात डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर धन भार. लुनासिन हिस्टोनला जाऊन चिकटतं आणि त्यावर अ‍ॅसिटिल गट बसू देत नाही. हे गट बसले की डीएनए सैल होतो, जनुकं जागी होतात. लुनासिन जणू कुलपाच्या भोकात बसून राहतं, किल्ली आत जाऊच देत नाही. २००१ साली याच गटाने उंदरांवरचा प्रयोग छापला. कातडीला कर्करोगकारक रसायनं लावलेल्या उंदरांत लुनासिनमुळे गाठी सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. वाचकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: लुनासिन या उंदरांच्या कातडीवर लावलं होतं, खायला दिलेलं नव्हतं. पुढे जाहिरातींत ७० टक्के तेवढे राहिले, कातडी गळून गेली.

खाल्लेलं प्रथिन पोटात तुटतं, हे शाळेतलं पोर सांगेल. मग ४३ दुव्यांची अख्खी साखळी आतड्यातून शाबूत जाणार कशी? या प्रश्नाचं उत्तर सोयाबीननेच देऊन ठेवलं आहे. कोंबड्यांना कच्चं सोयाबीन घातलं की त्यांची वाढ खुंटते, हे आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना ठाऊक असतं. कारण दाण्यात प्रथिन पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात. त्यातली मुख्य दोन, कुनिट्झ आणि बोमन-बर्क. ती निकामी करण्यासाठीच आपण सोयाबीन भाजतो, शिजवतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर कुनिट्झ अजिबात नसलेली 'एनआरसी १२७' ही जातही काढली. २०१० साली डी ल्युमेन यांच्या गटाने दाखवलं, की बोमन-बर्क सोबत असेल तर लुनासिन पचनातून वाचतं. म्हणजे पोषणाच्या पुस्तकात शत्रू म्हणून नोंदलेलं द्रव्य इथे राखणदार ठरलं.

यातून एक वादही निघाला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या अ‍ॅन केनेडी यांनी बोमन-बर्क हेच कर्करोगाला अटकाव करणारं द्रव्य आहे, या विश्वासावर काही दशकं काम केलं होतं. बर्कलीकरांचं म्हणणं, की केनेडी वापरत होत्या त्या अर्कात लुनासिनही होतं, श्रेय त्याचं. बोमन-बर्क नुसता पहारेकरी. मला बर्कलीची मांडणी जास्त पटते, पण केनेडींचा एक मोठेपणा नाकारता येत नाही. त्यांचा अर्क माणसांवरच्या रीतसर चाचण्यांपर्यंत गेला, तोंडातल्या कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांवर नकली औषधाशी तुलना करून तपासला गेला आणि २०१३ साली त्यात फरक आढळला नाही असं छापलंही गेलं.

माणसाच्या रक्तात लुनासिन पोचतं का, हे इलिनॉय विद्यापीठात २००९ साली पाहिलं गेलं. पाच पुरुषांनी पाच दिवस रोज ५० ग्रॅम सोया प्रथिन खाल्लं. पोटात गेलेल्या लुनासिनपैकी सरासरी साडेचार टक्के रक्तात सापडलं. पाच माणसं म्हणजे फारच तोकडा नमुना, तरी अख्खं पेप्टाइड आतड्याच्या पलीकडे जातं ही बाब मोठीच.

मधल्या काळात लुनासिन जिथे तिथे सापडायला लागलं होतं. बार्लीत, मग गव्हात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधकांना याचा संशय आला. मिचेल, लव्हग्रोव्ह आणि श्युरी यांनी गहू-बार्लीची उपलब्ध जनुकीय माहिती धुंडाळली आणि २०१३ साली सरळ विचारलं: ज्या पिकात लुनासिनचं जनुकच दिसत नाही, तिथे लुनासिन आलं कुठून? २०१६ मध्ये मिसुरीत कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नाना वनस्पतींचं बी प्रतिद्रव्यांनी तपासलं, तेव्हाही सोयाबीनबाहेर लुनासिनचा दावा टिकला नाही. प्रतिद्रव्य दुसऱ्याच प्रथिनाला चिकटलं की असा भास होऊ शकतो. ही छाननी कोणाच्या बातमीत आली नाही, 'गव्हातही लुनासिन' मात्र अजून लेखालेखांतून फिरतं आहे.

तोवर अमेरिकेत लुनासिन डब्यातून विकलं जात होतं. एएलएस झालेल्या एका रुग्णाने ते घेतलं आणि त्याची तब्येत सुधारली, असा बोलबाला झाला. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, माणूस हळूहळू बोलणं, गिळणं, श्वास घेणं हरवून बसतो. सुधारणा जवळपास होतच नाही. ड्यूक विद्यापीठातले डॉ. रिचर्ड बेडलॅक अशा अपवादांचा मागोवा घेतात. त्यांना ही हकिगत झटकून टाकता आली असती, किंवा रुग्णांना 'घेऊन बघा' म्हणता आलं असतं. त्यांनी चाचणी घेतली. ५० रुग्ण, एक वर्ष, आणि त्या रुग्णाने घेतला होता तोच नेम. दवाखान्याच्या फेऱ्या मोजक्या. एरवी रुग्णांनी घरबसल्या आपली स्थिती इंटरनेटवर स्वतः नोंदवायची. चाचणीत शिरायला एवढी गर्दी झाली की जागा झपाट्याने भरल्या.

२०१९ साली निष्कर्ष छापून आला. आजाराची गती मंदावली नव्हती. काहींना बद्धकोष्ठाचा त्रास झाला. बेडलॅक यांच्या गटाने रक्तातल्या हिस्टोनवरचं अ‍ॅसिटिलेशनही मोजलं होतं, आणि ज्या गुणावर लुनासिनची सगळी कीर्ती उभी होती तिथेच काटा जागचा हलला नव्हता. लुनासिनविषयी मी वाचलेल्या कागदांत हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हात-पाय गळत चाललेल्या माणसांनी वर्षभर आपलीच घसरण प्रामाणिकपणे नोंदवली आणि त्यातून एक आशा खोटी ठरली. आता पुढचा रुग्ण त्यावर पैसे आणि महिने घालवणार नाही.

लुनासिन यामुळे संपलं असं मात्र नव्हे. कर्करोगाच्या प्रतिबंधाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चाचणी एएलएसच्या रुग्णांवर झालेली नाही. पण त्यासाठी आधी साध्या मोजमापाकडे वळायला हवं. जेएस ३३५, एमएयूएस ७१, फुले संगम या आपल्या शेतांतल्या जातींच्या दाण्यात लुनासिन किती? भाजल्यावर किती उरतं, बोमन-बर्क किती उरतं? सॉल्व्हंटमध्ये तेल काढून उरलेल्या पेंडीत, त्यापासून केलेल्या सोया वड्यांत, अंगणवाडीत मिळणाऱ्या सोयापिठात किती? परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत सोयाबीनवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसं आहेत. हे आकडे जातवार, प्रक्रियावार छापले जायला हवेत, आणि तोवर 'लुनासिनयुक्त' असं लिहिलेल्या डब्याला जास्तीचे पैसे मोजायचं काही कारण नाही.