सोडणे, सोडवणे, सुटणे : मद्यमुक्तीच्या साहाय्यगटाचा शोध

मराठीत ‘सुटणे’ हे अकर्मक, ‘सोडणे’ हे सकर्मक आणि ‘सोडवणे’ हे प्रयोजक क्रियापद होय. मद्यासक्तीविषयी बोलताना ही तिन्ही रूपे नित्य कानी पडतात. ‘मनात आणले तर तो दारू सोडील’, ‘त्याची दारू कोठेतरी सोडवून आणावी’, ‘त्याची दारू काही सुटत नाही’ या वाक्यांत एकाच माणसाच्या एकाच अवस्थेचे वर्णन आहे. परंतु कर्ता कोण, याचे उत्तर प्रत्येक वाक्यात निराळे आहे. आपल्या गावातील साहाय्यगट शोधणाऱ्या कुटुंबाची वाट पुष्कळदा याच ठिकाणी चुकते. कारण ज्या क्रियापदाने चौकशी करावी, त्याच जातीचे उत्तर हाती येते.

‘दारू सोडवणारे ठिकाण’ विचारणाऱ्यास उपचारकेंद्राचा पत्ता मिळतो. क्वचित ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी भिंतीवरची जाहिरातही भेटते. यांपैकी दुसऱ्या वाटेपासून दूर राहणेच श्रेयस्कर. पहिलीची गरज मात्र खरी असू शकते. दीर्घकाळ व भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास कंप, आकडी, भ्रम अशी लक्षणे उद्भवतात व प्रसंगी ती प्राणावर बेततात. अशा माणसाने प्रथम वैद्यकीय साहाय्य घेतले पाहिजे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभारलेले ‘मुक्तांगण’ हे अशा निवासी केंद्राचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण आहे. परंतु केंद्रातील मुक्काम संपतो आणि माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो. साहाय्यगटाची खरी आवश्यकता तेथे सुरू होते.

साहाय्यगट हे रुग्णालय नव्हे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १९३५ साली दोन मद्यासक्त व्यक्तींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उदयास आली. तिच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात. तेथे औषध दिले जात नाही, प्रवेशशुल्क नसते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. सभासदत्वासाठी एकच अट आहे : पिणे थांबविण्याची इच्छा. ही इच्छा दुसऱ्याच्या वतीने नोंदविता येत नाही. म्हणून पत्नीने पतीचे नाव देऊन यावे, अशी सोय तेथे नाही. कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून कार्य करीत आहे. घरातला माणूस सभेस जावयास तयार नसला, तरी घरच्यांना तेथे जाता येते.

सभेत सभासद केवळ आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यासक्त असल्याचे स्वमुखाने म्हणतो. ‘दारुडा’ हा शब्द त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला असतो. येथे तोच आशय प्रथमपुरुषी येताच शिवी न राहता कबुली बनतो. दारूपुढे आपले बळ चालत नाही, हे मान्य करणे ही या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली होय. ‘त्याला दारू लागली’ असे म्हणताना मराठी व्याकरणाने ते आधीच मान्य केलेले आहे : तेथे दारू कर्तृपदी असून माणूस चतुर्थीत गेलेला असतो.

यावरून शोधाची दिशा ठरते. चौकशी करताना ‘केंद्र’ न म्हणता ‘सभा’ कोठे व केव्हा भरते, असे विचारावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाहिनी १४४४६, शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा संघटनेचे स्थानिक कार्यालय येथून माहिती मिळू शकते. सभा ‘खुली’ की ‘बंदिस्त’, हेही विचारून घ्यावे. खुल्या सभेस नातेवाईक वा अभ्यासक उपस्थित राहू शकतो, बंदिस्त सभा केवळ मद्यमुक्तीची इच्छा असणाऱ्यांसाठी असते. मात्र अभ्यासकाने तेथे ऐकलेली नावे व हकीकती बाहेर नेऊ नयेत. अनामिकता हा या सभांचा पाया आहे. सभेची भाषाही महत्त्वाची आहे. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो व मनात लाजतो, त्याच भाषेत त्याला खरे बोलता येते. इंग्रजीतील कबुली अनेकांना परक्याच्या सहीसारखी वाटते. पहिला गट न रुचल्यास दुसरा पाहावा; एका संध्याकाळीवरून निष्कर्ष काढू नये.

अशा गटांचा उपयोग होतो काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती समाविष्ट होत्या. या गटांकडे पद्धतशीरपणे वळविणाऱ्या उपचारानंतर वर्षअखेरीस सुमारे ४२ टक्के व्यक्ती पूर्ण अलिप्त आढळल्या. अन्य उपचारांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. हा फरक चमत्काराचा नव्हे, परंतु उपेक्षणीयही नव्हे. निम्म्याहून अधिक लोक वर्षभर अलिप्त राहू शकत नाहीत, हेही त्याच आकड्यांतून दिसते. म्हणूनच पुन्हा प्यायलेल्या माणसालाही सभेत पुन्हा येता येते. तेथे कोणी ‘सोडली’ म्हणून प्रतिज्ञा मागत नाही. आजचा दिवस न पिता गेला, एवढेच सांगितले जाते. अशा दिवसांनीच दारू सुटत जाते.