दिव्यांग व्यक्तींसाठी मनोरंजनात्मक कौशल्य कार्यक्रम : संकल्पना, रचना आणि महाविद्यालयांची जबाबदारी

प्रस्तावना :

दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाचा विचार करताना उपचार, शिक्षण आणि रोजगार या तीन बाबींवर भर दिला जातो. फावल्या वेळेचा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. वस्तुतः ज्या व्यक्तीला रोजगाराच्या संधी कमी, प्रवास अवघड आणि मित्रपरिवार मर्यादित, तिच्या वाट्याला रिकामा वेळ अधिक येतो. तो अर्थपूर्ण रीतीने घालविण्याची साधने मात्र तिच्याजवळ कमी असतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रातील होत्या. एवढ्या मोठ्या समूहाच्या जीवनातील या उपेक्षित अंगाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :

करमणूक आणि मनोरंजनात्मक कौशल्य यांत मूलभूत फरक आहे. एखाद्या संस्थेत गाण्यांचा कार्यक्रम करणे, खाऊ वाटणे ही करमणूक झाली. तीत दिव्यांग व्यक्ती प्रेक्षक किंवा लाभार्थी असते. कौशल्य म्हणजे एखादा खेळ, कला वा छंद स्वतः निवडणे, तो स्वतः सुरू करणे, इतरांसोबत चालू ठेवणे आणि आपल्या इच्छेने थांबविणे. पहिल्यात आनंद दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असतो, तर दुसऱ्यात तो व्यक्तीच्या स्वाधीन असतो. म्हणूनच असे कार्यक्रम हे परोपकाराचे नव्हे, तर शिक्षणाचे क्षेत्र ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी उपचार केंद्र सुरू केले आणि खेळाला उपचारात स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी तेथे चाकाच्या खुर्चीवरील १६ स्पर्धकांची धनुर्विद्या स्पर्धा झाली. पुढे यातूनच पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान. उपचाराचा भाग म्हणून हाती घेतलेल्या पोहण्यात त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक होय. मात्र प्रत्येकाकडून पदकाची अपेक्षा ठेवणे हा मनोरंजनात्मक कार्यक्रमाचा हेतू नव्हे. बहुसंख्य व्यक्तींसाठी खेळता येणे हीच फलश्रुती होय.

कायदेशीर आधार :

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील अनुच्छेद ३० सांस्कृतिक जीवन, मनोरंजन व क्रीडा यांतील सहभागाचा हक्क मान्य करतो. भारताने या कराराला २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मनोरंजन केंद्रे, नृत्य व कलावर्ग, मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तर कलम ३० मध्ये क्रीडा कार्यक्रमांची पुनर्रचना व सोयीसुविधांचा समावेश आहे. मनोरंजन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कार्यक्रमाची रचना :

१) आवड व क्षमतेची पाहणी : प्रथम व्यक्तीला काय आवडते हे पाहावे लागते. बोलता न येणाऱ्या व्यक्तीसमोर दोन-तीन वस्तू ठेवून तिची निवड जाणून घेता येते. वयाला साजेसा उपक्रम देणे आवश्यक आहे. वीस वर्षांच्या तरुणाला शिशुवर्गातील खेळणी देणे हा त्याचा अवमान होय.

२) कृतीचे विश्लेषण : उपक्रमाचे लहान टप्पे पाडले जातात. उदा. बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला कॅरम शिकविताना आपली पाळी ओळखणे, स्ट्रायकर रेषेवर ठेवणे, सोंगटीकडे नेम धरणे, फटका मारणे आणि पाळी सोडणे असे टप्पे होतात. आरंभी हात धरून, मग खुणेने, नंतर केवळ शब्दाने मदत करावी व क्रमाने ती काढून घ्यावी. मदत काढून घेण्याचे नियोजन नसल्यास कौशल्याऐवजी परावलंबन रुजते.

३) अनुकूलन : साधने, नियम, जागा व वेळ यांत योग्य बदल केले जातात. अंधांच्या बुद्धिबळात काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे बसविण्यासाठी प्रत्येक घराला छिद्र असते आणि काळ्या मोहऱ्यांना स्पर्शाने कळणारी खूण असते. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत आवाज करणारे छरे असतात, गोलंदाजी खांद्याखालून होते, संघात किमान चार खेळाडू पूर्णतः अंध असतात आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट मोजल्या जातात. या शेवटच्या नियमामुळे पूर्णतः अंध खेळाडू संघात केवळ नावापुरता राहत नाही. मात्र नियम इतके सैल केले की हरणेच अशक्य झाले, तर तो खेळ उरत नाही. आव्हान टिकवून अडथळा दूर करणे हे अनुकूलनाचे मर्म होय.

४) सुरक्षितता व संक्रमण : अपस्मार असलेल्या व्यक्तीला पाण्यात सतत देखरेख लागते, डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या बाबतीत मानेवर ताण येणाऱ्या क्रीडाप्रकारांपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. वर्गात शिकलेले कौशल्य घर, परिसर व मैदान येथे वापरले गेले तरच कार्यक्रम सफल झाला असे म्हणता येईल.

महाविद्यालयांची जबाबदारी :

२०१६ च्या अधिनियमानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. प्रवेशानंतर लेखनिक, परीक्षेतील जादा वेळ व उताराची सोय यांची चर्चा होते. परंतु जिमखान्याच्या बाबतीत या विद्यार्थ्यांना बहुधा ‘सूट’ दिली जाते. ही सूट सहानुभूतीपोटी असली, तरी तिचा परिणाम वगळण्याचाच होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्रीडा व सांस्कृतिक उपक्रमांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागल्यावर हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. उपक्रम न करता गुण दिल्यास शिक्षण होत नाही, आणि गुण न दिल्यास अन्याय होतो.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. स्पर्शाने खेळता येणारा बुद्धिबळाचा पट, आवाजाचा चेंडू, तळमजल्यावरील खेळाची खोली आणि कर्णबधिर खेळाडूंसाठी शिट्टीबरोबर झेंड्याची खूण एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो. शारीरिक शिक्षण संचालक, मानसशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी एकत्र यावे. आणि नियोजनाच्या बैठकीत दिव्यांग विद्यार्थी स्वतः असावा. दिव्यांग नसलेल्या विद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून नव्हे, तर सहखेळाडू म्हणून सामील केल्यास दोघांचेही शिक्षण होते.

निष्कर्ष :

मनोरंजनात्मक कौशल्ये ही पुनर्वसनाची शेवटची पायरी नसून त्याचा अविभाज्य भाग आहेत. त्यांतून स्वनिर्णय, मैत्री व शारीरिक क्षमता यांचा विकास होतो. कायद्याने हक्क दिला आहे, पद्धती उपलब्ध आहेत आणि साधने अल्प खर्चात मिळू शकतात. मैदानाच्या कडेला बसलेल्या विद्यार्थ्याला सूट देण्याऐवजी त्याला खेळता येईल असा खेळ उभा करणे, हे आता महाविद्यालयीन प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.