काटा, पट्टी आणि सर्व्हर

पहाटे ५.४०. निफाडजवळच्या पॅकहाउसमधून सुपरवायझरचा फोन. "भाऊ, एन्ट्री सेव्हच होत नाही, गाड्या उभ्यात." लॅपटॉप उघडून सर्व्हरवर गेलो. डिस्क शंभर टक्के भरलेली. सगळी जागा डॉकरच्या लॉगने खाल्ली होती. लॉग किती वाढू द्यायचा ते डॉकर आपणहून ठरवत नाही, आपण सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं, चूक माझी. फाइल रिकामी केली, १० एमबीच्या ३ फाइली एवढी मर्यादा घातली. ती नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते, म्हणून कंटेनर पुन्हा उभा केला. ६.२५ ला पहिलं वजन चढलं. तोवरची वजनं पोरांनी वहीत लिहून ठेवली होती.

९.००. रोज रात्री पोस्टग्रेसचा डंप निघतो. पण तेवढ्याने बॅकअप झाला असं मी धरत नाही. दर सोमवारी तो रिकाम्या डेटाबेसात उतरवतो आणि क्रेटची बेरीज लावून बघतो. आज जुळली.

११.३०. पॅकहाउसवर. सकाळच्या प्रकारानंतर पॅकहाउस चालवणाऱ्या अण्णांनी विचारणं साहजिकच होतं. त्यांच्या पुतण्याने दोन दिवसांत ॲपशीटवर, कोड न लिहिता, काटा-नोंदीचं ॲप बनवलंय, मग सर्व्हर सांभाळायचाच कशाला? मी काट्यापाशी उभा राहून बघितलं. प्री-कूलिंगच्या खोलीत शिरलं की रेंज जाते. पोराने तिथेच क्रेटचा नंबर टाकला, नोंद फोनमध्ये थांबली, आणि बाहेर आल्यावर सिंक होऊन शीटमध्ये पोचली. माझ्या ॲपला हे जमत नाही. मला ते मनापासून आवडलं.

२.००. पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाचं, मात्र वेगळं. प्रतवारी, रिकाम्या क्रेटचं वजन, घट, दिलेली उचल, हे सगळं शेतकऱ्याच्या पैशांशी बांधलेलं. ॲपशीटमध्ये दोघांनी एकच ओळ बदलली तर शेवटी सिंक झालेली टिकते, आधीची पुसली जाते. उचलीचा आकडा असा पुसला गेलेला मला चालणार नाही. शिवाय शीटमधला डेटा कधीही बाहेर काढता येतो, पण ॲपमध्ये लिहिलेले नियम उचलून दुसरीकडे चालवता येत नाहीत. पुतण्या जूनमध्ये पुण्याला शिकायला चाललाय. मग ते नियम कोण वाचणार?

४.३०. अण्णांना सांगितलं, काट्यावरची नोंद पुतण्याच्या ॲपमध्ये, पट्टी आपल्या सर्व्हरवर, रात्री एकदा शीटमधून डेटाबेसात भरायचं. हंगामी पोरांपैकी किती जणांना लॉगिन द्यायचं ते आधी ठरवू, कारण पैसे माणशी दरमहा लागतात. अण्णा म्हणाले, "आणि सर्व्हर पुन्हा बसला तर?" त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

८.००. ते उत्तर आज लिहून काढलं. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की माझ्या आणि सुपरवायझरच्या फोनवर मेसेज. सोबत एक पान, मराठीत: आधी काय बघायचं, काय बंद करून चालू करायचं, कशाला हात लावायचा नाही. ते लॅमिनेट करून काट्याशेजारी लावायला देणार आहे, वहीच्या खिळ्यालाच.

१०.१५. डिस्क ४१ टक्के. गाड्या पाचलाच लागतात.